न प्यालेला शेक

तुम्ही खोटं बोलता, सर. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आमच्यासमोर उभे राहता आणि खोटं बोलता, आणि आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतो, तुम्ही शिकवल्या तशा, आखूड आखूड आणि शेवटची लांब... आणि माझ्या उजव्या खिशातलं हे अर्ध्या किलोचं लोखंडी माप मांडीला लागतंय, गार, सहा कोपऱ्यांचं, त्यातला एक कोपरा नेमका हाडावर. पूर्वी तिथं हाड नव्हतं. म्हणजे असेल, पण आत — माणसाचं हाड जिथं असावं तिथं, दुसऱ्याच्या काय, स्वतःच्याही हाताला न लागणारं.

रमाकांतनं स्वेटर खाली ओढून घेतला. जानेवारीची सकाळ, बुलढाण्याची, पठारावरचा वारा शटरच्या फटीतून सरळ पायांवर येत होता, आणि तरी रांगेतल्या पुढच्या बायकांनी शाली काढून खुर्चीवर ठेवल्या होत्या, स्वेटर काढले होते, चपला तर केव्हाच. वजनकाट्यावर चढण्याआधी माणूस काढता येईल ते सगळं काढतो. कोकिळाताईंनी — या वडनेर भोलजीच्या, मुलाच्या नोकरीपायी इथं राहायला आलेल्या, अंगानं आणि आवाजानं भरभक्कम — बांगड्या काढल्या, केसांतले आकडे काढले, आणि मंगळसूत्राशी येऊन हात थांबला.

'ते राहू द्या,' मागून कोणीतरी म्हणालं. 'त्याचं वजन काट्यावर नाई येत, डोक्यावर येते.'

सगळ्या हसल्या. रमाकांतही हसला. इतकी माणसं अंगावरचं उतरवून काट्यावर चढत होती आणि त्याच्या एकट्याच्या खिशात लोखंड होतं.

त्याची पाळी आली तेव्हा त्यानं छाती भरून श्वास घेतला, जणू श्वासाचंही वजन लागतं. घरून निघताना तांब्याभर पाणी ढोसलं होतं ते पोटात डचमळत होतं. आकडे नाचले, मग ठरले. सर वाकले, पाहिलं, सरळ झाले, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत — हे त्यांना छान जमतं, कीर्तनकारासारखं, सगळ्यांचे श्वास आपल्या मुठीत धरून ठेवायचे आणि मग मूठ उघडायची.

'मागच्या वेळेपेक्षा नऊशे ग्रॅम कमी.'

टाळ्या. आखूड, आखूड, लांब. माप धरून नऊशे. माप सोडून... त्यानं हिशेब केला नाही. हिशेब आपोआप झाला, त्याची परवानगी न घेता, आणि पायाखालची काच एकाएकी फार गार लागली.

'रमाकांतजी, सांगा सगळ्यांना. गुपित काय तुमचं?'

'दोन शेक अन् विश्वास, सर.'

'मागच्यांना ऐकू नाही आलं.'

'दोन शेक आणि विश्वास.'

कोपऱ्यातल्या टेबलाशी कागदी कपांत गरम पाणी ओतणाऱ्या प्रतिमानं मान वर केली. त्याची बायको. छातीवर हिरवा बिल्ला, बिल्ल्यावर 'कोच', आणि चेहऱ्यावर ते हसू, जे लग्नाच्या सत्तावीस वर्षांत त्यानं दिलं नव्हतं ते तुम्ही चार महिन्यांत दिलंत, सर. हे मी मान्य करतो. ती सोहमची आई होती, इराची आई होती, दोन नंबरच्या गल्लीतल्या बाबूची बायको होती. मॅडम ती इथं झाली. वीस-बावीस बाया आता तिला सकाळी फोन करून विचारतात, मॅडम, भात चालते का? आणि या मॅडमपणाचा पाया कशावर उभा आहे, तर माझ्यावर. भिंतीवर मी आहे.

भिंत हिरवी आहे. चिखली रोडवरचा हा सरांच्या वजन उतरवायच्या सेंटरचा गाळा, आधी इथं टाइल्सचं दुकान होतं, आता हिरव्या भिंतीवर सफरचंदं रंगवलेली आणि सफरचंदांच्या खाली ओळीनं माणसं, प्रत्येक माणूस दोनदा. 'आधी' आणि 'नंतर'. रमाकांत तिसरा. 'आधी'मध्ये तो मेव्हणीच्या लग्नात आहे, हातात जिलबीचा द्रोण, तोंड उघडं, कोणाच्या तरी बोलण्यावर पोट गदगदवून हसतोय. 'नंतर'मध्ये हाताची घडी, शर्ट आत खोचलेला, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. नवीन माणूस आला की सर त्याला त्या दोन फोटोंसमोर उभं करतात आणि विचारतात, काय फरक दिसतो? पोट, नवीन माणूस म्हणतो. बरोबर, सर म्हणतात. इतकी माणसं त्या भिंतीसमोरून गेली, एकानंही म्हटलं नाही की पहिल्यातला हसतोय.

आणि खरी गोष्ट अशी की रमाकांतनं दिवाळीपासून शेकचा घोटही घेतला नव्हता.

एवढं एकच वाक्य. सरकारी कार्यालयात आस्थापनेचा टेबल सांभाळणारा माणूस, लोकांच्या बदल्या, निवृत्त्या, मरणानंतरचे वारस, सगळं चार ओळींत बसवणारा, आणि हे एक वाक्य त्याच्या घशातून बाहेर येत नव्हतं.

सुरुवातीला घेतला. इमानदारीनं घेतला. गणपतीपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत, सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाच्या जागी ते पीठ — डब्यावर व्हॅनिला लिहिलेलं, चवीला फळा पुसलेल्या डस्टरवर कोणी साखर भुरभुरल्यासारखं — पाण्यात घालून, खळखळ हलवून, एका दमात. पाच किलो उतरले. ते पाच किलो शेकचे. त्यावरून मी तुमच्याशी भांडत नाही, सर, दोन वेळचा चारा बंद केला तर बैलही उतरतो, त्याला डबा लागत नाही. मग दिवाळी आली, इरा पुण्याहून आली, घरात चकलीचा वास सुटला. ऑफिसात एक दिवस त्यानं शेकर उघडला, तो गुळमट वास नाकात गेला, आणि त्यानं तो शेकर शिपाई शालिग्रामच्या पुढ्यात सरकवला. ठरवून नाही. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच — सकाळचाही, दुपारचाही. ऑफिसच्या फाटकाशी कचोरीची गाडी लागते, तिथं हिरव्या मिरचीसोबत गरम कचोरी खाताना त्याला शाळा बुडवल्यासारखं वाटायचं, बरं वाटायचं.

पुढच्या वजनाला तो जीव मुठीत धरून चढला होता. आता चोरी पकडली जाणार, प्रतिमासमोर... आणि काट्यानं दीड किलो कमी दाखवलं. टाळ्या झाल्या. आणि त्याला — याची आता शिसारी येते — त्याला आनंद झाला. फुकटात मिळाल्याचा आनंद. वाटलं, मागचा असर असेल. सरच म्हणतात, शेक सोडला तरी असर आत चालूच राहतो, गिरणीचं बटन बंद केल्यावर पट्टा फिरत राहतो तसा. पट्टा फिरत राहिला. तो खात होता आणि उतरत होता. एकाच्या दोन कचोऱ्या झाल्या, संध्याकाळी भाकरीवर तूप, तुपावर गूळ, आणि तो उतरत होता. मग त्यानं मुद्दाम खायला सुरुवात केली, भूक म्हणून नाही, परीक्षा म्हणून, हलवायाच्या बाकड्यावर बसून पाकातलं, तळलेलं, पेढे, घास मोजल्यासारखा चावत... आणि काटा खालीच. पट्टा फिरतच होता, आणि जात्यात टाकलेले दाणे तर केव्हाच संपले होते, मग ही गिरणी दळत होती ते नेमकं—

इथं तो थांबायचा. रोज याच जागी थांबायचा, जसा माणूस अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबतो, आत पाय न टाकता हातानं बटन चाचपतो, आणि बटन सापडत नाही म्हणून त्याला हायसं वाटतं.

सोनाळ्याला, गावी, वडील अंगानं उतरले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. किसनराव म्हणजे आडवा माणूस, मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन गाडीत टाकायचा ते दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. हे खिशातलं मापही त्यांचंच, आठवडी बाजारात मिरच्या जोखायचं, इतकी वर्षं ट्रंकेत पडलेलं. त्या वर्षी त्यांचं धोतर कमरेला एक वेढा जास्त घेऊ लागलं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, तिथं माणसाच्या अंगावरचं मांस ही सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट असते. ओट्यापुढून जाणारा जो तो क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, 'किसनराव, तब्येत काऊन उतरली बापा?' हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारत नसे. हा प्रश्न आवाज खाली आणूनच विचारायचा असतो, लेकराच्या पाळण्याजवळ बोलावं तसा. आई ताटात तूप ओतायची आणि वडील खायचे, दोन माणसांचं खायचे, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या मनगटाकडे बघत बसायची. शेजारची तानुबाई एकदा आईला म्हणाली, 'खाऊन अंगाले लागत नाई, म्हंजे दुसरंच कोनी खाऊन राह्यलं.' रमाकांत तेव्हा अकरावीत होता, विज्ञान शाखेत, त्याला राग आला होता त्या म्हातारीचा, अडाणी म्हणून. वडिलांना अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर बोलला तो फक्त काकाशी, व्हरांड्यात. नंतर त्यांनी परत आणलेला माणूस घरातल्या खाटेवर इतका थोडा उरला होता, की रात्री उठून पाहिलं तर वाटायचं नुसती गोधडीच टाकलीय.

अडाणी गाव. पण एवढं त्या गावाला कळत होतं, की माणूस कमी होणं ही वाईट बातमी असते. आम्ही शिकलो, पठारावर आलो, नोकरीला लागलो, आणि त्याच बातमीला टाळ्या वाजवायला शिकलो. तुम्ही शिकवलंत, सर.

ऑफिसात शालिग्राम वाटच पाहत होता. निवृत्तीला आलेला, मिशी पिकलेला, तोंड बंद न राहणारा. प्रतिमानं सकाळी भरून दिलेले दोन्ही शेकर रमाकांतनं पिशवीतून काढून ठेवले. शालिग्रामनं पहिला उघडला, कानाशी हलवून पाहिला, आणि खुर्चीच्या पाठीला टेकून सावकाश प्यायला, मिशीवरचा फेस जिभेनं टिपत.

'बासुंदीवानी लागते, साहेब. फक्त जायफळ पाहिजे होतं.'

'पी गपचूप.'

'गपचूपच पिऊन राह्यलो न. पण माह्यावाल्या पँटीचं बटन आता लागत नाई. बायको म्हनते, ऑफिसात कोन खाऊ घालून राह्यलं तुमाले? म्यां म्हटलं, सरकार.' तो स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. मग दुसऱ्या शेकरचं झाकण फिरवता फिरवता म्हणाला, सहज, हसतच, 'औषध मात्र भारी आहे हे, साहेब. पितो मी अन् बारीक तुम्ही होता. असं कुठी पाह्यलं नवतं बापा.'

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या सुचिता मॅडम हसल्या. पंख्याखाली वाळत घातलेल्या कागदांसारखं सगळं ऑफिस मंद मंद हलत राहिलं. रमाकांतनं समोरची फाइल उघडली. एका मयत कर्मचाऱ्याच्या वारसाचा अर्ज होता. त्यानं तारीख वाचली, पुन्हा वाचली, अक्षरं जागच्या जागी होती पण कोणी आतून रिकामी केल्यासारखी... पितो मी अन् बारीक तुम्ही होता. इतके दिवस हे वाक्य त्याच्याकडे होतं, त्याचं एकट्याचं होतं, डोक्यात असेपर्यंत त्याला उलटसुलट करता येत होतं, त्यावर पांघरूण घालता येत होतं. आता ते बाहेर होतं. फेस लागलेल्या मिशीखालून आलेलं, दोन जणांनी ऐकलेलं.

त्यानं हसायला हवं होतं. उशीर झाला.

शालिग्रामचं हसू मध्येच राहिलं. त्यानं शेकर खाली ठेवला. टेबलावर थोडा वाकला.

'काऊन साहेब,' तो म्हणाला. 'तब्येत बरी आहे न?'

आवाज खाली आणून म्हणाला. तो सोनाळ्याचा नव्हता, रमाकांतचे वडील त्यानं कधी पाहिले नव्हते, तरी त्यानं आवाज तेवढाच खाली आणला, नेमका तेवढाच.

'काय धाड भरली माझ्या तब्येतीले. जा, टपाल घेऊन ये.'

शालिग्राम गेला. दुसरा शेकर तसाच राहिला, न प्यालेला. दुपारी रमाकांतनं तो संडासात ओतला, आणि पाणी सोडल्यावरही तो फेस बराच वेळ गेला नाही.

कचोरी खाल्ली नाही. फाटकातून बाहेर पडून तो जयस्तंभ चौकाकडे चालू लागला, उगाच, उन्हातून, आणि उन्हातही त्याला हुडहुडी भरत होती — हल्ली ही थंडी बाहेरून येत नसे. रक्त तपासायच्या लॅबपाशी त्याचे पाय मंदावले. इथं तो आधीही आला होता. पायरीपर्यंत. आत बाकावर एक बाई हाताला कापसाचा बोळा धरून बसली होती. आत जायचं, बाही वर करायची, बस. एवढंच. आणि तुमचं वाक्य आठवलं, सर. 'रिपोर्ट काढत बसू नका. रिपोर्ट माणसाला आजारी करतो. शरीर बोलतं, त्याचं ऐका.' त्या दिवशी हे ऐकून लोकांनी वह्यांत लिहून घेतलं होतं. आणि मी? मला ते वाक्य गोड लागलं. खरं सांगतो, तुमच्या त्या पिठापेक्षा गोड लागलं. मी पायरीवरून परतलो ते तुमच्या वाक्याचं बोट धरून. तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही. कुणीतरी असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं, आणि तुम्ही ते धंद्यापायी म्हणालात की अडाणीपणानं म्हणालात, याच्याशी मला तेव्हा घेणं नव्हतं. आता आहे. शरीर बोलतं म्हणता ना... ते बोलतंय. तुम्हाला समजतं का ते काय म्हणतंय?

आतल्या माणसानं काचेतून त्याच्याकडे पाहिलं. रमाकांतनं मोबाइल कानाला लावला, कोणाचाच फोन नसताना 'हो, हो, निघालोच' म्हणाला, आणि निघाला.

संध्याकाळी सेंटरचा मोठा कार्यक्रम होता, धाड नाक्याकडच्या मंगल कार्यालयात. नवीन माणसं येणार होती, आणि रमाकांतनं त्यांना आपला अनुभव सांगायचा होता. प्रतिमानं पलंगावर त्याचा निळा शर्ट काढून ठेवला होता. पँट तिच्या हातात होती.

'घालून दाखवा एकखेप. मागून झोळ येते.'

त्यानं घातली. ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली, त्याला जवळ ओढलं, आणि तोंडात टाचण्या धरून कमरेचं कापड चिमटीत घेऊ लागली. तिच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

'दोन बोटं अजून घ्या लागते,' टाचण्यांमधून ती म्हणाली.

'घे न मंग.'

'मागच्या महिन्यात घेतली होती.'

'हाव.'

'दिवाळी झाल्यावर बी घेतली होती.'

खिडकीबाहेर गल्लीत कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती खोकत होती, बंद पडत होती. प्रतिमाचा हात त्याच्या कमरेच्या हाडावर आला आणि तिथंच राहिला. कापड पकडायला आला होता, आता कापड पकडत नव्हता. नुसता होता.

'एक विचारू?'

'विचार.'

'दोन्ही शेक घेता न तुम्ही? पुरे घेता न?'

पकडलो, त्याला वाटलं, शालिग्राम बोलला, कोणी सांगितलं हिला... आता रडेल, म्हणेल, तोंड दाखवाले जागा ठेवली नाई.

'घेतो न. शेकर रिकामे नाई दिसत तुले?'

'दिसते.' टाचणी तिनं तोंडातून काढली, लावली नाही. 'पण घेता न? एखाद्या वेळी टाकून-बिकून नाई देत?'

'नाई, प्रतिमा. रोज घेतो.'

'शप्पथ?'

'शप्पथ.'

'मंग बरं,' ती म्हणाली, आणि तिनं श्वास सोडला. शर्टाच्या पातळ कापडातून तो गरम श्वास त्याच्या पोटाला लागला, लांब, किती दिवस धरून ठेवलेला कोण जाणे... आणि त्या एका श्वासात रमाकांतला कळलं की इतके दिवस त्याला काहीच कळलं नव्हतं. ती चोरी पकडत नव्हती. ती त्याच्याकडे कारण मागत होती. नवरा शेक पितो, म्हणून उतरतो. एवढा आधार तिला हवा होता, त्यावरच ती झोपत होती, उठत होती, बायांना भात चालतो की नाही ते सांगत होती, आणि हे हसू, हा बिल्ला, हे त्याला दिसलेलं सगळं... ती रोज सकाळी त्या टेबलाशी उभी राहून गरम पाणी ओतता ओतता काट्याकडे पाहत होती, आणि तिला त्या टाळ्या नको होत्या. आईनं दारातून पाहावं तसं ती पाहत होती.

आणि त्यानं आत्ता शपथ घेतली होती. तिच्या हातातलं ते एक कारण — ते खोटं आहे हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं.

'लागली का टाचणी?' तिनं विचारलं.

'नाई.'

'मंग हालले काऊन?'

मशीन सुरू झालं. खड्खड्खड्, दोन बोटं आत गेली.

मंगल कार्यालयात खुर्च्या भरल्या होत्या. लग्नाचं उरलेलं तोरण तसंच होतं. कोकिळाताई वडनेरहून दिराला आणि जावेला घेऊन आल्या होत्या. दीर अंगानं भारी, पायऱ्या चढून दमलेला, रुमालानं मान पुसत स्टेजकडे पाहत होता. 'हेच ते, भिंतीवरचे,' कोकिळाताईंनी त्याला बोटानं दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'अगोदर लय होते. आता पाहा.' आणि तो भारी माणूस रमाकांतकडे पाहू लागला, अशा आशेनं, की रमाकांतला नजर दुसरीकडे वळवावी लागली. पहिल्या रांगेत प्रतिमा. मांडीवर दोन्ही हात. बिल्ला सरळ. इराचा निरोप मोबाइलवर सकाळपासून पडून होता — बाबा, कसले हिरो दिसता — त्याला त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

नाव पुकारलं गेलं. तो स्टेजवर चढला. माइक हातात आला, थोडा ओलसर, आधीच्या बोलणाऱ्याच्या घामानं. समोर सगळे तोंडं वर करून. त्याला काय बोलायचं ते पाठ होतं. मी नव्वदच्या वर होतो, मला जिना चढवत नव्हता, मग माझ्या आयुष्यात सर आले... 'मी,' तो म्हणाला. कर्ण्यातून तो 'मी' मोठा होऊन परत आला, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा.

'घाबरू नका, रमाकांतजी,' सर हसत पुढे आले, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, भक्कम, सगळ्यांना दिसेल असा. आणि मग ते झालं. फार थोडा वेळ. खांद्यावर ठेवलेली बोटं दबली, खाली जिथं माणूस लागायला हवा तिथं हाड लागलं, आणि ती बोटं... चटका बसावा तशी आखडली. वर उचलली गेली. मग पुन्हा ठेवली गेली, हलकी, आता वजन न टाकता. रमाकांतनं मान वळवून पाहिलं. सर हसतच होते. हसू जागेवर होतं, कपाळावरचा अष्टगंध जागेवर होता. डोळे नव्हते. डोळे त्याच्या गळ्याकडे पाहत होते, गळ्यापाशी कॉलरमध्ये पडलेल्या पोकळीकडे, आणि मग पटकन लोकांकडे गेले. 'टाळ्या,' ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. आखूड, आखूड—

आता मला भीती वाटत नाही, सर. गंमत आहे. सकाळपासून नाही, महिन्यांपासून जी वाटत होती ती, पकडलं जाण्याची, तिच्या हिरमुसण्याची, बाकावरच्या कापसाच्या बोळ्याची, ती या क्षणी कुठं गेली माहीत नाही. एक दुसरीच गोष्ट तिच्या जागी येऊन बसलीय, शांत, पाय पसरून. तुम्हाला कळलंय. माझ्या बायकोला तिच्या हाताखाली कळलं आणि ती घाबरली. शालिग्रामला कळलं आणि त्यानं आवाज खाली आणला. तुम्हालाही कळलं आणि तुम्ही म्हणालात, टाळ्या. मी शेक पीत नाही, सर. दिवाळीपासून एक थेंब नाही. मी हे बोललो की नुसते ओठ हलले, मला सांगता येणार नाही, समोरचा तो भारी माणूस मान पुसायची थांबलाय, प्रतिमा उभी राहिलीय की बसलीच आहे, टाळ्यांत काही कळत नाही. पण माइक मी तुमच्या तोंडापुढे धरलाय.

तुमच्या बोटांना आत्ता काय लागलं, सर?

माझ्याकडे पाहून सांगा. हिला ऐकू येईल असं सांगा.